एक किलोमीटर

निवृत्त माणसाने काय काय करू नये याची एक यादी कोणीतरी शहाण्याने करून ठेवायला हवी होती. शेजाऱ्याला पहाटे व्यायामाचे महत्त्व सांगू नये, सुनेच्या आमटीतल्या मिठाविषयी बोलू नये, ही कलमे तिच्यात आलीच असती. त्यांच्या जोडीला मी आणखी एक घातले असते : न विचारता तर नाहीच, पण कोणी विचारले तरी फार भराभर उत्तरे देऊ नयेत. मी आयुष्यभर अध्यापक विद्यालयात शिकवले. म्हणजे ज्यांना पुढे मुलांना शिकवायचे, त्यांना ते कसे शिकवावे हे शिकवले. अशा माणसाला उत्तरे देण्याची जी खोड लागते ती नोकरीबरोबर सुटत नाही. पेन्शनीत तर तिला मोकळे रान मिळते.

२०१६ साली मी नोकरीतून मोकळा झालो आणि आम्ही उभयता माथेरानला येऊन राहिलो. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला सासऱ्यांची दोन खोल्यांची जागा होती. ती ओस पडू नये म्हणून आलो, आणि राहिलो. येथे मोटार येत नाही. दस्तुरी नाक्यापाशी ती थांबते. पुढे घोडा, हातरिक्षा, नशीब असेल त्या दिवशी छोटी गाडी, नाहीतर आपले पाय. (अलीकडे विजेवर चालणाऱ्या काही रिक्षा आल्या आहेत. त्यांच्यावरून घोडेवाल्यांत आणि हातरिक्षावाल्यांत जी चर्चा चालते ती ऐकत बसावे. आमच्या विषयतज्ज्ञांच्या सभेत इतका मुद्देसूदपणा मी पाहिला नाही.)

अशा जागी बसून मी काय करावे? माझा एक जुना विद्यार्थी शिक्षकी सोडून पुण्यास संगणकाच्या धंद्यात शिरला होता. तो एकदा भेटीस आला आणि म्हणाला, “सर, तुम्हाला दिवसातून दहा फोन येतात. हा नियम काय, तो दाखला कसा द्यायचा. तेच दहा लोक, तेच दहा प्रश्न. हे सगळं एके ठिकाणी लिहून ठेवलं तर?” त्याच पावसाळ्यात त्याने इंटरनेटवर एक जागा करून दिली. घरात आम्ही तिला ‘फळा’ म्हणू लागलो.

फळ्याची रीत अशी. एकाने प्रश्न लिहायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर लिहायचे. इतरांना उत्तर पटले तर त्यांनी मत द्यायचे. ज्या उत्तराला मते अधिक ते वर चढते. प्रश्नकर्त्याचे समाधान झाले की तो त्या उत्तरापुढे हिरवी खूण करतो. तोच प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर व्यवस्थापकाने तो जुन्या प्रश्नाला जोडून बंद करायचा. व्यवस्थापक मी.

आणि हे सगळे फक्त तज्ज्ञांसाठी. निवृत्त शिक्षणाधिकारी, अध्यापक विद्यालयांतले प्राध्यापक, पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर बसलेले लोक, विस्तार अधिकारी, फार तर केंद्रप्रमुख. प्रवेशाचा अर्ज मीच तयार केला होता. त्यात एक रकाना होता : ‘पद व अधिकार.’ कोणीही यावे आणि काहीही विचारावे असे झाले तर त्याचा बाजार होईल, असे माझे म्हणणे होते. शिक्षणखात्याच्या जगात ही काही नवी कल्पना नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी ते ‘शालापत्रक’ चालवीत होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. मास्तरांना काहीतरी कळवले पाहिजे ही तळमळ आपल्याकडे तेव्हापासून आहे. मास्तरांनाही काही कळवायचे असेल, ही शंका जरा उशिरा आली.

काम मात्र चांगले चालले, हे खोटे कशाला सांगू? शाळा सोडल्याचा दाखला नसला तर मुलाला प्रवेश नाकारता येतो का? येत नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम पाहा. जन्माचा पुरावा नसला तर? चौदावे पाहा. दुपारच्या आहारात दरडोई धान्य किती? पाचवीपर्यंत शंभर ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत दीडशे. दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच शाळेत आली तर तिला कोणत्या वर्गात बसवायचे? वयाप्रमाणे; आणि मागचे भरून काढण्याची जबाबदारी शाळेची. अशी उत्तरे लिहिताना मला जो आनंद होई तो सांगून समजणार नाही. जुलैत धुके खिडकीतून आत येई, दिवे जात, माकडे तारेला लोंबकळून तिची वाट लावीत. मग मी छत्री घेऊन बाजारात जाई आणि एका चिक्कीच्या दुकानात, जेथे वीज टिकून असे, तेथे बसून कलमे सांगत असे. दुकानदाराला वाटे मी वकील आहे.

या काळात एक अर्ज आला होता. डोंगराच्या अंगावरच्या एका वाडीतल्या शाळेचे गुरुजी होते. माथेरानच्या कडेने उताराला अशा कितीतरी वाड्या आहेत, ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या. वरून पाहिले तर चार कौले आणि धूर एवढेच दिसते. ‘पद व अधिकार’ या रकान्यात त्यांनी लिहिले होते : ‘प्राथमिक शिक्षक. अधिकार नाही.’ हे त्यांनी भाबडेपणाने लिहिले की खवचटपणाने, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना सभ्य शब्दांत कळवले की ही जागा तूर्त तज्ज्ञांपुरती आहे. ‘तूर्त’ हा शब्द घातल्याचे मला समाधानही वाटले.

पुढे २०१७ चा हिवाळा आला. दहाहून कमी पट असलेल्या शाळा बंद करून ती मुले जवळच्या शाळेत घालण्याचा सरकारचा बेत जाहीर झाला; १३१४ शाळांचा आकडा वर्तमानपत्रांत आला. फळ्यावर एका अधिकाऱ्यांचा प्रश्न पडला : ‘जवळची शाळा म्हणजे किती जवळची? अंतराची मर्यादा काय आणि ते कसे धरावे?’

हा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ. मी तासाभरात उत्तर लिहिले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. केंद्राच्या २०१० च्या नियमावलीतला सहावा नियम. आणि नकाशावर प्रत्येक शाळेभोवती एक वर्तुळ काढले म्हणजे कोणती वस्ती आत येते व कोणती बाहेर राहते हे तात्काळ दिसते. वर्तुळ कसे काढावे तेही चित्र काढून दाखवले. उत्तराला एकेचाळीस मते पडली. फळ्याच्या इतिहासात तोवर इतकी मते कोणत्याच उत्तराला पडली नव्हती. हिरवी खूण तर दहा मिनिटांत झाली.

मी सौ.ला हे सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. “एक किलोमीटर म्हणजे आपल्या घरापासून तळ्यापर्यंत असेल का हो?” तिने विचारले. शार्लोट तळ्यावर आम्ही संध्याकाळी जात असू.

“असेल साधारण. थोडं अधिकच.”

“मग परत येताना ते जास्त भरतं,” ती म्हणाली आणि तांदळात पुन्हा लक्ष घातले. तिच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. मी ते बोलणे गुडघ्यांच्या खाती जमा केले.

दीड वर्ष गेले. २०१९ च्या जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता तेव्हा, आमच्याकडे नेहमी येणारी ठाकरीण रानभाजी घेऊन आली. करवंदे-जांभळे संपली की ती शेवळे, कुरडू असे काहीबाही आणते. पहाटे वाडी सोडते आणि नऊच्या सुमारास दारात उभी असते. त्या दिवशी तिच्याबरोबर सातआठ वर्षांचा नातू होता. डोक्यावर त्याच्या मानाने मोठी पाटी. सोमवार होता. मास्तरकीच्या सवयीने मी विचारले, “शाळा नाही का रे आज?”

पोरगा गप्प. आजी म्हणाली, “आमची शाला खाली गेली, बाबा.”

खाली गेली. मला आधी वाटले पावसात भिंत खचली असेल. तसे नव्हते. वाडीतली शाळा बंद होऊन खालच्या गावच्या शाळेत गेली होती. पोरगा दोन दिवस जाई, चार दिवस जात नसे. ओढ्याला पाणी आले की मुळीच जात नसे. “मंग मीच आनते त्याला वरती. घरी एकला काय करंल?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, शाळा खाली जाते, असे ती सांगत होती.

मला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्यावर सरकारी माणूस करतो तेच मी केले : चौकशीला गेलो. कचेरी कोणती ते सांगण्यात अर्थ नाही. तिथला लिपिक मोठा अगत्यशील होता. त्याने फाइल काढली, पाने उलटली आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. “सर, हे तुमचंच ना?” फाइलीत प्रस्तावाला टाचून माझे उत्तर लावले होते. वर्तुळाच्या चित्रासकट. खाली माझे नाव, नावापुढे ‘तज्ज्ञ’, आणि त्यापुढे कंसात ४१. “फार उपयोग झाला सर,” तो म्हणाला. “नाहीतर अंतराचा मुद्दा कोणीतरी काढलाच असता.” त्याने मला चहा पाजला. मी तो प्यालो.

नेरळपासून वर येईपर्यंत माझे डोके ज्या एका गोष्टीभोवती फिरत होते ती अशी. त्याच सहाव्या नियमाला तिसरा पोटनियम आहे. डोंगराळ मुलूख, दरडींचे किंवा पुराचे भय, रस्त्याचा अभाव, लहान मुलांना येण्याजाण्यात धोका अशी स्थिती असेल तेथे ही मर्यादा कमी करून, धोका टळेल अशा बेताने शाळा ठेवावी, अशा अर्थाचा. हा पोटनियम मला ठाऊक नव्हता असे नाही. मी तो वर्गात शिकवला होता. त्याच्यावर पाच गुणांची टीप विचारली होती. पण प्रश्नकर्त्याने आकडा मागितला होता, म्हणून मी आकडा दिला. उत्तर आटोपशीर असले की मते अधिक पडतात, हे तोवर माझ्या हाताला कळले होते. डोक्याला न विचारता हात ते करीत असे.

आणि मी राहतो कुठे? माथेरानला! नेरळहून निघणारी ती चिमुकली गाडी, सर आदमजी पीरभॉय यांच्या चिरंजीवांनी, अब्दुल हुसेन यांनी, १९०७ साली पुरी केलेली, हा डोंगर चढायला वीसेक किलोमीटर वळणे घेते. नकाशावर पट्टी ठेवली तर ते अंतर सातेक किलोमीटर भरेल. त्या गाडीत मी किती वेळा बसलो असेन! वळणावर उतरून चालत पुढे जावे आणि गाडी पुन्हा पकडावी असा पोरखेळ नातवंडांबरोबर केला आहे. पण त्या गाडीचा आणि माझ्या वर्तुळाचा काही संबंध आहे हे मला सुचले नाही.

जुलैत एक दिवस मी पहाटे ठाकरणीच्या मुलाबरोबर वाडीत उतरलो आणि तेथून मुलांबरोबर खालच्या शाळेत निघालो. सात मुले जायची होती, आली तीन. माझ्या मोबाईलवरच्या नकाशात वाडीपासून शाळा नऊशे मीटर होती. म्हणजे वर्तुळाच्या आत, शंभर मीटर हातचे राखून.

वाट शेवाळलेल्या दगडांची. एका हाताला उतार, दुसऱ्या हाताला ओले गवत, त्याखाली जमीन आहे की नाही याचा भरवसा नाही. मोठ्या मुलीने, असेल नऊ वर्षांची, चपला काढून हातात घेतल्या. दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर. तिने मला दोनदा हात दिला. पहिल्यांदा मी तो घेतला नाही. ओढा आला तेव्हा ती आधी एकटी उतरली, पाणी मांडीला कुठे लागते ते पाहिले, परत आली, धाकट्या भावाला घेऊन गेली, पुन्हा परत आली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. शाळेत पोहोचायला आम्हाला बावन्न मिनिटे लागली. तिला एकटीला पंचवीस लागतात म्हणाली. परत चढून यायला मला दीड तास लागला, आणि वाडीपासून माथेरानपर्यंत किती लागला ते मी मोजले नाही.

चढताना बसायला फार जागा लागतात आणि बसले की आठवायला लागते. याच माथेरानात १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल खालच्या गावांतून शाळा काढीत हिंडत होते. पुढे १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले. त्यांच्यापुढे अंतराचा नियम नव्हता. मुले जेथे होती तेथे ते गेले. तिकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसले की पोरे गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मी कुरणशाळेवर व्याख्याने दिली आहेत. टाळ्याही घेतल्या आहेत.

खालच्या शाळेत एक ओळख व्हायची होती. वाडीच्या शाळेचे गुरुजी मुलांबरोबरच खाली आले होते. नाव ऐकल्याबरोबर मला तो रकाना आठवला. ‘अधिकार नाही.’ माणूस चाळिशीचा, सावळा, अतिशय शांत. त्याने मला टॉवेल दिला, मुलांना आत बसवले. मी काही बोलणार तोच तो म्हणाला, “मी एकदा तुमच्याकडे अर्ज केला होता, सर.”

“आठवतंय. काय विचारायचं होतं तुम्हाला?”

त्याने थोडा विचार केला. “दोन वर्षं झाली, सर. आता लक्षात नाही.”

खरोखरच लक्षात नव्हते की मला वाचवायला तो तसे म्हणाला, याचा उलगडा मी केलेला नाही. पुढे आमची चांगली ओळख झाली, तरी विचारलेले नाही.

घरी येऊन मी पहिले काम केले ते उत्तर पुसण्याचे. ते पुसता येईना. हिरवी खूण झालेले उत्तर प्रश्नकर्त्याच्या संमतीवाचून काढता येत नाही, असा नियम होता, आणि तो मीच आग्रहाने करून घेतला होता. कोणी रागाच्या भरात आपली चांगली उत्तरे पुसू नयेत म्हणून. प्रश्नकर्ते अधिकारी सेवानिवृत्त झाले होते. त्यांना फोन केला तर ते पासवर्ड विसरले होते, आणि प्रश्नही. मग मी खाली नवे उत्तर लिहिले : तिसरा पोटनियम, ओढा, बावन्न मिनिटे, सगळे. त्याला सहा मते पडली. एका स्नेह्यांनी खाजगीत कळवले की मुद्दा योग्य आहे, पण विवेचन ‘जरा भावनिक’ झाले आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याने शेवटी युक्ती करून जुन्या उत्तराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत दुरुस्ती घातली. तरी कागदावर उतरवून घेणारे लोक वर्तुळाचे चित्र तेवढे घेतात, हे मी पाहिले आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याची गोष्ट निघाली, पानशेतचे आणि तोरणमाळचे दाखले दिले जाऊ लागले, तेव्हा त्या जुन्या उत्तराला पुन्हा वाचक आले. मते अठ्ठावन्न झाली.

समूहशाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मी कबूल करतो. चार पोरांच्या शाळेत खेळायला भिडू मिळत नाही, एका गुरुजीला चार इयत्ता, आणि तो आजारी पडला की शाळाच आजारी. जेथे वाहन दारापर्यंत येते तेथे मोठी शाळा चांगलीही होईल. पण जेथे मोटारच येत नाही तेथे राहून मी हे म्हणणे जरा जपून म्हणावे.

वाडीच्या लोकांनी अर्ज केले, मीही केले. शाळा खालीच आहे. त्या सात मुलांतल्या दोन मुलींनी शाळा सोडली. एक आता बाजारपेठेत एका दुकानात चपला मांडते. मला पाहिले की ओळखीचे हसते. जुन्या शाळेच्या खोलीत पावसाळ्यात कधी कधी गुरुजी आणि मुले दिसतात म्हणे. ते कोणत्याही कागदावर नाही, म्हणून मीही येथे अधिक लिहीत नाही.

अर्जातला ‘पद व अधिकार’ हा रकाना मी काढून टाकला. आता फक्त गावाचे नाव विचारतो. काही तज्ज्ञ सोडून गेले. एकांनी लिहिले की दर्जा घसरला. तेही अगदीच खोटे नाही. पगार उशिरा का झाला हा प्रश्न महिन्यातून वीस वेळा येतो, बदल्यांच्या मोसमात तर फळ्यावर दुसरे काही दिसत नाही, आणि मी ते जोडून जोडून बंद करीत बसतो. वर्गात शांतता नसली की मला अजून अस्वस्थ वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मी स्वतः एक प्रश्न लिहिला. इतक्या वर्षांत माझा तो पहिलाच प्रश्न. ‘वाटेत ओढा असताना मुलांना शाळेतून केव्हा सोडावे, आणि केव्हा सोडू नये, हे कसे ठरवता?’ चार दिवस कोणी काही लिहिले नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या एका परिपत्रकाचा क्रमांक तेवढा एकांनी टाकला. पाचव्या दिवशी रात्री उत्तर आले. दुसऱ्या एका डोंगरी तालुक्यातल्या बाईंचे. त्यांनी लिहिले होते :

‘आमच्या ओढ्यात मधोमध एक मोठा दगड आहे. त्याला आम्ही दर जूनमध्ये चुना लावतो. एक मोठा मुलगा दर तासाला दारातून बघून येतो. दगड दिसेनासा व्हायला लागला की पलीकडच्या पोरांना मी सोडत नाही. त्यांच्या आया पलीकडच्या काठाला येऊन उभ्या राहतात. मी हात वर केला की त्या परत जातात. त्या रात्री पोरं माझ्याकडे जेवतात.’

या उत्तराला आजपर्यंत तीन मते पडली आहेत. त्यांतले एक माझे, एक खालच्या गुरुजींचे. तिसरे कोणाचे ते कळलेले नाही.